धुराचा रंग आणि धुराची वेळ

ट्रक गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला की मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "धूर कसला मारतोय?" काळा असेल तर डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर पाणी. हे कोष्टक कालपरवा कामाला लागलेल्या पोरालाही पाठ असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या अपुऱ्या कोष्टकावर विसंबून कित्येक चांगली इंजिने विनाकारण खोलली जातात. लायनर-पिस्टन नवे पडतात, मालकाची हंगामाची कमाई त्यात जाते आणि गाडी भरून घाटाला लागली की धूर पुन्हा आहे तसाच. रंग विचारावाच, पण त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : धूर येतो कधी? सकाळी गार इंजिन सुरू करताना, रिकामे उभे असताना, भरल्या गाडीला चढ लागल्यावर, की उतार संपून पुन्हा पाय दाबल्यावर? माझ्या मते निम्मे निदान या उत्तरातच असते.

जुना ट्रक म्हणजे इथे ज्याच्या डिझेलवर कोणताही संगणक नजर ठेवत नाही असा ट्रक. 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, सेन्सर असतात, बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यांचे शास्त्र वेगळे. आपण बोलतो आहोत ते टाटा 697 सारख्या इंजिनांबद्दल. टाटांच्या टेल्कोने 1954 साली डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार 1969 साली संपला, पण इंजिनांचे घराणे चालू राहिले. 697 या आकड्यातला 6 म्हणजे सिलिंडर आणि 97 म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक 128 मिलिमीटर, एकूण 5675 सीसी. पुढे टाटा-कमिन्सचे 5.9 लिटरचे सिक्स-बीटी इंजिन आले, टर्बो आला. हे ट्रक उमेदीच्या काळात लांब पल्ल्याला धावतात आणि वय झाले की ऊस, विटा, मुरूम, खडी अशा जवळच्या कामाला लागतात. म्हणजे सर्वात जास्त धूळ, सर्वात जास्त भार आणि सर्वात कमी देखभाल नेमकी म्हातारपणी वाट्याला येते.

धूर समजून घ्यायचा तर आधी हिशेब बघू. 697 च्या एका सिलिंडरमध्ये एका वेळी लिटरभरापेक्षा थोडी कमी हवा मावते. ती पिस्टनने सुमारे सतरापट दाबली की एवढी तापते की डिझेलला पेटायला ठिणगी लागत नाही. या हवेत पूर्ण भाराला जे डिझेल जळू शकते ते साधारण पन्नास-साठ घन मिलिमीटर, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचा जेमतेम एक थेंब. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर असा थेंब प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला वीस वेळा मोजून द्यायचा, आणि प्रत्येक थेंब नोझलच्या बारीक छिद्रांतून सुमारे दीड-दोन मिलिसेकंदात फवारायचा. हवेच्या बाजूने पाहिले तर एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही, कारण इतक्या थोड्या वेळात प्रत्येक कणाला त्याच्या वाट्याची हवा सापडत नाही. म्हणून डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालवावे लागते. एका भाग डिझेलला साडेचौदा भाग हवा पुरते हे कागदावर. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात हे प्रमाण अठरा-वीसच्या खाली आले की सायलेन्सर काळा बोलू लागतो.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलचा कोळसा. कंदिलाची वात मोठी केली की काच काळी होते, तीच ही काजळी : आच आहे, इंधन आहे, हवा अपुरी आहे. त्यामुळे काळ्या धुराला दोनच दिशांनी शोधायचे असते, हवा कमी का पडली किंवा डिझेल जास्त का गेले. आपल्याकडे शोध बहुतेक वेळा दुसऱ्या दिशेने सुरू होतो, आणि तो पहिल्या दिशेने सुरू व्हायला हवा. कारण साधे आहे. एअर क्लीनर उघडायला पाना लागतो, पंप उघडायला पंपवाला लागतो.

जुन्या बऱ्याच ट्रकना ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो. खालच्या वाटीत ऑइल, वर तारेची जाळी. हवा ऑइलवर आपटून वळते, धूळ तिथेच बसते. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात चालणाऱ्या गाडीच्या वाटीत काही दिवसांत चिखल साचतो. तो काढला नाही तर हवेची वाट अडते. उलट कुणी उत्साहाने खुणेच्या वर ऑइल भरले तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि गाडी एकदम निळा धूर मारते. मग लोक रिंगा संपल्या म्हणून मोकळे होतात. कागदी फिल्टर असेल तर तो झटकून, हवा मारून पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय असते. उलट्या बाजूने जपून हवा मारली तर एखाद-दुसऱ्या वेळी चालते, पण कागद फाटला की धूळ थेट लायनरवर जाते आणि दोन-तीन हजारांच्या फिल्टरपायी सगळे इंजिन झिजते. आणखी एक फसवी जागा म्हणजे क्लीनरपासून इंजिनपर्यंतचा रबरी होज. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटलेला असतो. इंजिन जोरात हवा ओढू लागले की तो आतून चिकटतो. उभ्या गाडीत हे दिसत नाही. म्हणून "भरून घाटात काळा, रिकामी गाडी साफ" असे ऐकले की आधी होज दाबून बघावा.

हवा आत येण्याइतकेच जळालेला वायू बाहेर जाणेही महत्त्वाचे. आपल्या घाटांसाठी अनेक ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक असतो. सायलेन्सरच्या वाटेतली पाकळी बंद करून इंजिनलाच रोधक बनवायची ही युक्ती. ही पाकळी काजळीने जाम होऊन अर्धवट बंद राहिली की इंजिनचा श्वास कोंडतो, ओढ मरते आणि धूर काळा होतो. पंप काढून दुकानात नेल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आधी गाडीखाली वाकून पाकळीचा दांडा हलतो का एवढे बघितलेले बरे.

टर्बो असेल तर हवेची वाट आणखी लांब होते आणि गळतीच्या जागाही वाढतात. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्या, क्लॅम्प, इंटरकूलर असेल तर त्याचे सांधे. दाबाखालची हवा सुटते तिथे शिट्टीसारखा आवाज येतो आणि ऑइलमिश्रित धुळीचा काळा पट्टा उमटतो. साबणाचे पाणी लावले की फुगे दिसतात. टर्बो इंजिनच्या पंपावर एक छोटी डबी असते; टर्बोची हवा पुरेशी चढेपर्यंत ती डिझेल रोखून धरते. लवकर ओढ मिळावी म्हणून तिच्याशी खेळणारे कमी नाहीत. गिअर टाकताच एक काळा लोट आणि नंतर साफ, असे असेल तर संशय इथे घ्यावा.

आता डिझेलची बाजू. या गाड्यांच्या पंपाला लोक आजही मायकोचा पंप म्हणतात. बंगळूरची मायको कंपनी 1951 ची. 2008 पासून तिचे नाव बॉश झाले, पण ट्रकच्या दुनियेत जुनेच नाव चालते. या पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जावे हे ठरवणारा एक स्क्रू असतो. कॅलिब्रेशनच्या मशीनवर तो बसवून शिशाचे सील लावतात. सील तुटलेले दिसले की समजावे, कुणीतरी पिकअपसाठी डिझेल वाढवून घेतले आहे. माल जास्त भरायचा, घाटात गाडी मागे पडू द्यायची नाही, मग स्क्रू अर्धा फेरा फिरव. डिझेल वाढले तरी हवा तेवढीच असते. थोडी ताकद वाढते खरी, पण बाकीचे डिझेल काजळी आणि उष्णता होऊन जाते. पिस्टनचे डोके तापते, रिंगा चिकटतात, ऑइल काळे आणि पातळ होते. म्हणजे आजच्या काळ्या धुराची दुरुस्ती केली नाही तर तोच पुढच्या वर्षी निळा होतो. हे दोन धूर एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे कोष्टकात कुठेच लिहिलेले नसते.

स्क्रू आपल्या हाताने उलटा फिरवून मात्र हे सुटत नाही. आतली सहा एलिमेंट सारखी झिजलेली नसतात. एक सिलिंडर उपाशी आणि दुसरे अजीर्णाने बेजार, असे चालू असते. पंप मशीनवर चढवून सहाही नळ्यांतून ठरावीक फेऱ्यांत किती डिझेल पडते हे मोजूनच तो जुळवावा लागतो.

पण पंपाच्या आधी नोझल, कारण झिजण्यात त्याचा नंबर पहिला. नोझल काढून हातपंपासारख्या टेस्टरवर लावतात. तीन गोष्टी बघायच्या : साधारण 200 ते 250 बारच्या दरम्यान, त्या इंजिनला सांगितलेल्या दाबाला नोझल उघडते का, फवारा सगळ्या छिद्रांतून सारखा आणि धुक्यासारखा बारीक येतो का, आणि फवारा थांबल्यावर टोक कोरडे राहते का. चांगले नोझल उघडताना करकर वाजते, आणि जुने कारागीर गेजकडे न बघता त्या आवाजावर अर्धे ओळखतात. टोकाला थेंब लोंबत असेल तर तो थेंब सिलिंडरमध्ये अवेळी पडतो आणि धूर होऊन बाहेर येतो. एक ताकीद इथेच देतो. टेस्टरच्या फवाऱ्यापुढे बोट धरू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. बाहेर दिसते सुईच्या टोकाएवढी जखम, आत बोट नासते. असे झाले तर हळद लावून घरी बसायचे नाही, ताबडतोब शल्यविशारदाकडे जायचे.

नोझल परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घालावे आणि एकच घालावे. जुने वॉशर आत चिकटून राहिले आणि त्यावर नवे घातले की नोझल वर उचलले जाते, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेला पडतो. नवी नोझल टाकूनही धूर गेला नाही, अशी तक्रार असेल तर पुष्कळदा खोट या पाच-दहा रुपयांच्या वॉशरमध्ये निघते.

सहापैकी दोषी सिलिंडर कोणते हे शोधायची जुनी रीत अजूनही सर्वोत्तम आहे. इंजिन आयडलवर चालू ठेवायचे आणि नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून ढिला करायचा. डिझेल बाहेर सांडते, ते सिलिंडर बंद पडते. इंजिन अडखळले तर सिलिंडर कामाचे होते. काहीच फरक पडला नाही तर ते आधीच मेलेले होते. आणि नट ढिला करताच सायलेन्सर साफ झाला तर चोर सापडला. नटाभोवती फडके धरायचे, डोळ्याला चष्मा लावायचा, तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल सांडू द्यायचे नाही. ही पद्धत फक्त असल्या जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी. कॉमन-रेल इंजिनमध्ये नळीतला दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथे असा नट ढिला करणे जिवावर बेतेल.

पांढऱ्या धुराकडे वळू. इथे कोष्टकाची सर्वात मोठी चूक आहे, कारण पांढरा धूर म्हणजे पाणीच असे नाही. बहुतेक वेळा ते न जळालेले डिझेल असते. सिलिंडर पुरेसे तापलेले नसते, फवारा पेटत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन बाहेर पडतात. थंडीच्या सकाळी जुने इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटे असा धूर यायचाच. त्याने डोळे चुरचुरतात, वास कच्च्या डिझेलचा येतो आणि लोट हवेत रेंगाळतो. इंजिन तापल्यावर तो गेला तर फार काळजी नाही. मात्र दरवर्षी तो जास्त वेळ टिकू लागला तर कॉम्प्रेशन उतरत चालले आहे असे समजावे. गरम झाल्यावरही एकाच सिलिंडरचा ठोका चुकत पांढरा धूर येत राहिला तर नोझल किंवा न बसणारा व्हॉल्व्ह. सगळीच सिलिंडरे सारखी पांढरी बोलत असतील आणि गाडी तापतही असेल तर पंपाचे टायमिंग मागे गेलेले असण्याची शक्यता मोठी.

टायमिंग तपासायची रीत सुरेख आहे. पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून तिथे बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी लावतात, हाताने फीड पंप मारत इंजिन सावकाश फिरवतात. नळीतून डिझेलची धार पडत असते. प्लंजर वर येऊन भोक झाकतो तसे धारेचे थेंब होतात आणि मग थेंबही थांबतात. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण कुठे आहे ते वाचायचे. दोन-तीन अंशांचा फरक असला तरी इंजिनचा स्वभाव बदलतो.

पाण्याचा धूर वेगळा ओळखू येतो. ती वाफ असते, सायलेन्सरपासून थोडे दूर जाताच विरून जाते आणि डोळ्यांना झोंबत नाही. कूलंट घातले असेल तर गोडसर वास येतो. सायलेन्सरपुढे पांढरा कागद धरावा. पाण्याचा डाग वाळला की नाहीसा होतो, डिझेलचा तेलकट राहतो. मग रेडिएटरकडे जायचे, पण इंजिन पूर्ण गार असताना. झाकण काढून इंजिन सुरू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे ऑइल दिसले तर पाणी ऑइलमध्ये उतरले आहे, आणि तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. क्रँकची बेअरिंगे जातील. कारण बहुधा हेड गॅस्केट, नाहीतर हेडला व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये गेलेली चीर. ज्या इंजिनात लायनरला बाहेरून थेट पाणी लागते तिथे लायनरला पाण्याच्या बाजूने सुईसारखी भोके पडतात, किंवा खालच्या रबरी रिंगा गळतात.

गॅस्केट बदलणे सोपे वाटते, पण ते पुन्हा का जाते याचे उत्तर बहुतेक वेळा हेडच्या सपाटपणात असते. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड आणि ब्लॉक दोन्ही तपासावे लागतात. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावे लागतात. हाताच्या अंदाजाने आवळणारे उस्ताद मी पाहिले आहेत. त्यांच्या अंदाजावर माझा विश्वास नाही.

आता निळा, म्हणजे ऑइलचा. तो निळा का दिसतो? ऑइल जळाल्यावर जे कण तयार होतात ते अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक असले की प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. कण मोठे, मायक्रॉनच्या पुढे गेले की सगळे रंग सारखे विखुरतात आणि तोच धूर पांढरा दिसतो. म्हणजे निळा आणि पांढरा हा फरक पदार्थाइतकाच कणांच्या आकाराचाही आहे. डिझेलचा हलका धूर कधी निळसर दिसतो, जास्त ऑइल जळत असेल तर ऑइलचा धूर पांढुरका दिसतो. संध्याकाळच्या उजेडात तर दोघांत फरक करणे कठीण. म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. ऑइल डिपस्टिकवर मोजावे, किती किलोमीटरला किती घालावे लागते याची वहीत नोंद ठेवावी. ही नोंद धुराच्या रंगापेक्षा कधीही अधिक विश्वासू.

निळ्या धुराबाबत एक गैरसमज पेट्रोल गाड्यांकडून आला आहे. उतारावर पाय काढून नंतर पुन्हा दाबला की निळा झोत आला म्हणजे व्हॉल्व्ह गाइड गेल्या, असा नियम सांगतात. पेट्रोल इंजिनात तो बरोबर आहे, कारण पाय काढला की थ्रॉटलची पाकळी बंद होते, मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते आणि गाइडमधून ऑइल आत खेचले जाते. या जुन्या डिझेल इंजिनांत ती पाकळीच नसते. हवा नेहमी मोकळी येते, इंजिनचा वेग फक्त डिझेलने कमी-जास्त होतो. ओढ तयार होत नाही, म्हणून हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. गाइड झिजतात हे खरे, आणि रात्रभर उभ्या गाडीत ऑइल झिरपून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा झोत येतो. पण उतारानंतरच्या धुराला डिझेल ट्रकमध्ये टर्बोचे सील, चिकटलेल्या रिंगा अशी इतरही कारणे असतात.

टर्बोचा माग काढायला इंजिन खोलावे लागत नाही. होज काढून आत बोट फिरवावे. किंचित ओलसरपणा चालतो, ऑइलचे डबके नाही. शाफ्ट हाताने हलवून बघावा. पाती घराला घासलेली दिसली तर टर्बो गेला. पण टर्बो ऑइल फेकतो म्हणून लगेच नवा बसवण्याआधी दोन ठिकाणे बघायलाच हवीत. एक, टर्बोतून ऑइल परत खाली आणणारी नळी कचऱ्याने तुंबली आहे का. दोन, एअर क्लीनर बंद पडला आहे का. कारण हवा मिळाली नाही की टर्बोची पाती सीलमधूनच ऑइल ओढतात. हे न बघता बसवलेला नवा टर्बोही आठवड्यात ऑइल फेकू लागतो, आणि शिव्या खातो तो टर्बो विकणारा.

टर्बोतून ऑइलचा लोंढा सुटला तर कधी इंजिन स्वतःचेच ऑइल जाळून सुसाट धावू लागते. चावी फिरवली, डिझेल बंद केले, तरी थांबत नाही. ड्रायव्हर सीटवर असेल तर वरचा गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करणे हा एक मार्ग. दुसरा हवेची वाट लाकडी फळीने बंद करण्याचा. हाताने किंवा फडक्याने कधीच नाही, ते आत खेचले जाते.

ऑइल कमी होते पण धूर दिसत नाही, हीही तक्रार येते. तेव्हा ब्रेकच्या हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडावा. पाण्याबरोबर काळे ऑइल भसाभसा आले तर ऑइल खाणारा इंजिन नसून एअर कॉम्प्रेसर आहे. त्याच्या रिंगा बदलणे हे इंजिनच्या कामापुढे किरकोळ.

खरोखर रिंगा आणि लायनर गेले असतील तर इंजिन ते लपवत नाही. इंजिन गरम असताना आयडलवर ऑइल भरायची टोपी सैल करावी. धापा टाकल्यासारखा धूर टोपीतून येऊ लागला, ब्रीदरची नळी सतत मारू लागली तर जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे. गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. मग नोझलच्या जागी गेज लावून सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन घ्यायचे. धडधाकट इंजिनात ते वीस बारच्या बरेच वर असते. पण आकड्यापेक्षा सहांतला फरक जास्त बोलतो. पाच सारखे आणि एक तीन-चार बारने खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघायचे. आकडा वर चढला तर दोष रिंगांत, चढला नाही तर व्हॉल्व्हमध्ये. डिझेल इंजिनात जागा फार कमी असते, म्हणून ऑइल चमचाभरच.

एवढे झाल्यावर इंजिन खोलायला हरकत नाही. खोलल्यावर लायनर डोळ्यांनी नव्हे, डायल गेजने मोजावा. सर्वात जास्त झीज वर असते, जिथे वरची रिंग थांबून उलटी फिरते. झीज मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगा बदलून, लायनरवर होनिंगच्या तिरप्या रेषा काढून काम होते. त्या रेषांत ऑइल टिकते आणि नवी रिंग बसते. नवी रिंग लायनरमध्ये एकटी ठेवून टोकांमधली फट मोजावी. 97 मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर हवी. फट ठेवली नाही तर रिंग तापून फुगते आणि अडकते. सिक्स-बीटी इंजिनात वेगळा लायनर नसतोच, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात, त्यामुळे तिथे बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागतात. टॅपेटही पुस्तकाप्रमाणेच ठेवावेत. सिक्स-बीटीला गार इंजिनात इनलेट 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर.

नव्या इंजिनला जपायचे म्हणून काही मालक ते तासन्‌तास आयडलवर ठेवतात. हे उलटे आहे. भार नसला की रिंग लायनरवर पुरेशी दाबली जात नाही, रेषा गुळगुळीत होतात, लायनर काचेसारखा चकाकतो आणि ऑइल वर येत राहते. मध्यम भार आणि बदलता वेग हेच पहिल्या काही शे किलोमीटरचे पथ्य. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, त्याचाही परिणाम हाच. डिझेल वाया जाते ते वेगळेच.

पीयूसीचा कागद हे या सगळ्याचे उत्तर नव्हे. त्या तपासणीत गाडी उभी असते, न्यूट्रलमध्ये पाय पूर्ण दाबून धूर मोजतात. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट, म्हणजे 43 सेंटिमीटर धुरातून जाणारा 65 टक्के प्रकाश अडला तरी चालतो; बीएस-4 ला ती 50. भरल्या गाडीचा घाटातला धूर यात दिसत नाही. पास होण्यापुरता पंप कमी करून घेऊन परत वाढवणारेही आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण त्याहून महाग गोष्ट ड्रायव्हर आणि क्लीनरच्या छातीत साचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे.

जुना ट्रक विकत घ्यायला जाणार असाल तर सकाळी लवकर आणि न कळवता जा. बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गार असेल तरच सुरू करायला सांगा आणि सायलेन्सरपाशी उभे राहा. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल तर व्यवहाराचे बोलू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.